पहिल्यांदाच प्राइडला निघालात? ऊन तुमचीच वाट बघतंय

आधी अभिनंदन. वर्षभर 'जाऊ की नको, कुणी बघितलं तर' असा घोळ घालून शेवटी तुम्ही प्राइड परेडला, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे मंडळींच्या अभिमानाच्या मोर्चाला, जायचं ठरवलंत. आता ती काळजी अशीच चालू ठेवा. गर्दीत ऑफिसातलं कुणी दिसेल का, शेजारचे काका समोरून येतील का, याच विचारात राहा. दुपारी बाराला बरोबर डोक्यावर येऊन जो तुमच्याकडे चार तास टक लावून बघणार आहे, तो मनात यायलाच नको.

ही परेड उन्हाळ्यात कशाला, असं विचारणारे दर वर्षी भेटतात. त्यांना न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे पाठवावं. २८ जून १९६९ च्या पहाटे त्यांनी स्टोनवॉल इन नावाच्या समलिंगी लोकांच्या बारवर छापा घातला, आतली माणसं त्या दिवशी निमूटपणे गाडीत बसली नाहीत, आणि बरोबर वर्षाने, २८ जून १९७० ला, मोर्चा निघाला. छापा जानेवारीत पडला असता तर आज आपण मफलर गुंडाळून घोषणा दिल्या असत्या. सिडनीकरांना मात्र ही सबबही नाही. तिकडे जून म्हणजे हिवाळा. त्यांची पहिली मार्डी ग्रा, म्हणजे तिकडची प्राइड परेड, १९७८ साली २४ जूनला निघाली, तीही रात्री. सगळं इतकं सोयीचं जुळून आलेलं असताना १९८१ मध्ये त्यांनी ती उचलून उन्हाळ्यात नेली! तेव्हा घामाची तक्रार करायची नाही, ती घराण्याची रीत आहे.

शिवाय ऊन आगंतुक नाही, आमंत्रित आहे. गिल्बर्ट बेकर नावाच्या कलाकाराने १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत प्राइडचा पहिला इंद्रधनुषी झेंडा केला तेव्हा प्रत्येक पट्ट्याला अर्थ दिला होता. पिवळा म्हणजे सूर्यप्रकाश. (त्याला 'सप्तरंगी' म्हणायची सवय तेवढी मोडा. सुरुवातीला पट्टे आठ होते, आता सहा आहेत. मध्ये काही काळ सात होते खरे, पण तेवढ्या पुण्याईवर किती दिवस काढणार?)

कपड्यांचं सोपं आहे. काळं घाला. काळ्या रंगात माणूस बारीक दिसतो, आणि तीन तासांनी खरोखरच बारीक होतो. सुती, सैल, फिकट रंगाचं काही हाताला लागलं तर परत कपाटात टाका, त्यात घाम वाळतो. घाम वाळला की अंग थंड होतं, आणि अंग थंड झालं तर परेडला गेलात हे कुणाला पटेल? टोपी नकोच, केस बिघडतात. बूट कोरे करकरीत, त्याच सकाळी खोक्यातून काढलेले.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या प्राइडला मी घोट्याच्या वर येणारे काळे चामडी बूट घालून गेलो होतो. आरशात झकास दिसत होते. पहिल्या सिग्नलला डावा चावला, दुसऱ्याला उजवा. डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं हे तळव्यांना तिसऱ्या सिग्नलच्या आत समजलं. मग मी फुटपाथच्या कडेला बसकण मारली. तेवढ्यात सहा फुटी एक ड्रॅग क्वीन (बाईच्या झगमगीत थाटात नटणारा कलाकार) समोर उभी राहिली. टिकल्यांचा झगा, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यावर दोन वीत उंच विग. तिने घडीचा पंखा फट्कन उघडला, माझ्या तोंडासमोर हलवला आणि म्हणाली, "बाळा, पाणी पी. घोट घोट पी." झग्याखाली बघितलं तर पायात झिजलेल्या रबरी स्लिपर! उंच टाचांचे बूट कमरेला लटकवलेले. कॅमेरा दिसला की ती ते चढवायची, फोटो झाला की उतरवायची.

तिचं अनुकरण करू नका. तिला अनुभव आहे, आणि अनुभवी माणसांत हौस उरत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर तहान लागल्यावर विहीर खणायची पद्धत आपल्याकडे आहेच. घरून बाटली नेली तर विहिरीचा अपमान. शिवाय पाणी प्यायलं की शौचालय शोधावं लागतं, आणि तिथली रांग परेडपेक्षा लांब असते. त्यापेक्षा गार बिअर घ्या. ती अंगातलं पाणी बाहेर घालवते ही गोष्ट तिच्या गारपणापुढे कोण लक्षात ठेवतो? मीठ-साखरेचं पाणी तर पेशंट लोकांसाठी असतं, म्हणजे दुपारी अडीचनंतरच्या तुमच्यासाठी.

सनस्क्रीन सकाळी एकदा लावलं की वर्षभराची निश्चिंती. दर दोन तासांनी पुन्हा लावा असं बाटलीवर लिहितात, ते बाटल्या खपाव्यात म्हणून. आणि ग्लिटर पापण्यांवर भरपूर. अकरा वाजता तो चमकतो, बारा वाजता घामाबरोबर उतरायला लागतो, साडेबाराला डोळ्यात शिरतो. मग डोळे लाल, गालांवर ओघळ. बघणाऱ्यांना वाटतं, पहिलीच वेळ ना, भरून आलं बिचाऱ्याला.

सोबत बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालायचा घट्ट कपडा) घातलेला एखादा ट्रान्स मित्र असेल, तर 'एवढ्या उन्हात हे कशाला घातलंस?' असं त्याला भर गर्दीत खणखणीत आवाजात विचारा. घरातून निघताना त्याने आरशासमोर याच प्रश्नावर अर्धा तास काढला असेल, तरी तुमच्या तोंडून ऐकायचा राहिलाच होता. त्याला दम लागलाय, सावलीत बसवावं, आडोसा धरून उभं राहावं, म्हणजे तो बाइंडर काढून मोकळा श्वास घेईल, असलं काही सुचलंच तर दाबून टाका.

आणि कुणी झोकांड्या खात चालायला लागला, असंबद्ध बडबडायला लागला, तर त्याला रंगात आलाय समजून व्हिडिओ काढा. अंगाचं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं की माणूस असाच रंगात येतो. वैद्यकीय तंबूतली मंडळी सकाळपासून बर्फ घेऊन बसलेली असतात. त्यांना कशाला त्रास? अँब्युलन्सलाही गर्दीतून येताना उगाच हॉर्न वाजवावा लागतो. तो व्हिडिओ न विचारता सगळीकडे टाका. मागे दिसणाऱ्या चौघांनी घरी काय सांगितलंय, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?

राहता राहिला गालावरचा झेंडा. तो रंगवून घ्याच, ठळक, सहाही पट्टे. खाली, आजूबाजूला सनस्क्रीन अजिबात नको, रंग नीट बसत नाही म्हणे. मी तसंच केलं होतं. रात्री घरी येऊन तोंड खसखसून धुतलं. झेंडा गेला, ग्लिटर गेला, पुरावा म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही. सोमवारी सकाळी लिफ्टच्या आरशात बघतो तर सगळं तोंड टोमॅटोसारखं लाल, आणि डाव्या गालावर मूळ रंगाचा एक स्वच्छ चौकोन.

पाचव्या मजल्यावर दार उघडलं. आत आलेल्या सहकारी बाईंनी चौकोनाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत चौकोनाकडे.

"मी उजव्या गालावर काढला होता," त्या म्हणाल्या, "पण सनस्क्रीन लावून."