निकालाची तारीख मागू नका, निर्णयाची मागा

प्रकल्पाचं नियोजन म्हणून जी फाइल आपल्यासमोर येते, तिच्यातली एक गोष्ट मला कायम खटकते. पहिल्या टप्प्याच्या ओळी बघाव्यात तर त्यांत माणसांची नावं असतात, कोणाकडून काय यायचंय ते असतं, हे झाल्याशिवाय ते सुरू करता येणार नाही अशा गाठी मारलेल्या असतात. खाली सरकत जावं तशी आधी नावं गळतात, मग गाठी गळतात. शेवटी उरतं ते 'एकत्रीकरण – ३ आठवडे', 'चाचणी – १५ दिवस', 'हस्तांतरण – १ आठवडा'. कोण करणार, नेमकं काय तपासणार, तपासणीत नापास झालं तर पुढे काय, यातलं काहीही नाही. तारीख मात्र असते, आणि कालावधी दाखवणारी पट्टीही पहिल्या टप्प्याइतकीच ठळक, त्याच निळ्या रंगाची.

फाइल बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की खालच्या ओळी अंदाजपंचे भरल्यात. वरच्यांना ठाऊक नसतं. एका बैठकीत ती तारीख कोणाच्या तरी स्लाइडवर चढते, पुढच्या बैठकीत ग्राहकाच्या कानावर जाते, आणि मग तो अंदाज राहत नाही, दिलेला शब्द होतो. सहा महिन्यांनी तोच शब्द घेऊन लोक दारात उभे.

पुढचे टप्पे धूसर असणं हा काही गुन्हा नाही. काम नवीन असेल तर ते असणारच. गडबड होते ती धूसर भागही स्वच्छ भागाच्याच शाईने लिहिल्यामुळे. आणि यात नियोजनाच्या साधनांचाही हात आहे. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही नियोजनाची पद्धत निघाली, तेव्हा दर कामाला तीन आकडे मागितले जात: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळंच फिसकटलं तर किती. आज आपण सर्रास वापरतो त्या तक्त्यांत कालावधीचा एकच रकाना असतो. रकाना रिकामा सोडला तर पट्टीच उमटत नाही. म्हणून माणूस काहीतरी ठोकून देतो.

हा एकटा आकडा किती लटका असू शकतो? सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलेला आलेख या क्षेत्रात बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. काम नुसतं कल्पनेच्या पातळीवर असताना केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव असू शकतो, असं तो सांगतो. म्हणजे तुम्ही १० महिने म्हणालात तर खरं उत्तर अडीच महिन्यांपासून ४० महिन्यांपर्यंत कुठेही. काम पुढे जाईल तसा हा पसारा आवळत जातो, म्हणून त्याला अनिश्चिततेचा शंकू म्हणतात. फक्त लोक असं धरून चालतात की दिवस गेले की शंकू आपोआप निमुळता होतो. तसं होत नाही. तो निमुळता होतो ते कोणीतरी काहीतरी ठरवल्यामुळे किंवा करून पाहिल्यामुळे. सहा महिने नुसत्या बैठका घेतल्या तर शंकू जिथल्या तिथे, आपण फक्त सहा महिन्यांनी म्हातारे.

'मग थोडं हातचं राखून सांगायचं' हा यावरचा लोकप्रिय उपाय. तोही फार टिकत नाही. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना त्यांचे प्रबंध कधी पुरे होतील ते विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळं बिघडायचं तेवढं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. मनातली सगळी संकटं धरून केलेला अंदाजही कमीच पडला, कारण जी संकटं मनात आलीच नाहीत ती धरणार कशी? आणि हे लेखनाचं, ज्याचं त्याने एकट्याने करायचं काम होतं. पाच जणांची कामं एका दिवशी एकत्र यायची असतील आणि प्रत्येकाची वेळेवर येण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर पाचही वेळेवर येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास उरते. त्या दिवशी ज्याचं काम राहील त्याच्या डोक्यावर खापर फुटतं, पण गणित आधीच विरोधात होतं.

इथवर वाचून एका गटाला आनंद होतो: 'बघा, आम्ही म्हणतच होतो, लांबचं नियोजन करूच नये, पुढचं पुढे बघू.' या मंडळींशी माझं भांडण जास्त मोठं आहे. जवळचं बारकाईने आखायचं, लांबचं ढोबळ ठेवायचं आणि जसजसं पुढे जाऊ तसं तपशील भरत जायचं, याला रोलिंग वेव्ह प्लॅनिंग म्हणतात आणि पद्धत म्हणून ती चांगलीच आहे. पण बऱ्याच ठिकाणी तिचं नाव घेऊन नुसतं भिजत घोंगडं ठेवलेलं असतं. लांबच्या टप्प्याचा तपशील आज नको हे खरं. पण तो लांबचा टप्पा आजच्या कामाकडून काय मागतोय, हे आजच विचारावं लागतं.

सिडनीच्या ऑपेरा हाउसचं उदाहरण उशीर आणि खर्च यांच्यासाठी दिलं जातं. ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये मांडलं तर ७० लाखांचा अंदाज आणि १० कोटी २० लाखांचा खर्च. जानेवारी १९६३ मध्ये पुरं व्हायचं ते ऑक्टोबर १९७३ मध्ये खुलं झालं. मला त्यातला एक कमी सांगितला जाणारा भाग जास्त बोलका वाटतो. मार्च १९५९ मध्ये खालचं काम सुरू झालं तेव्हा वरच्या त्या प्रसिद्ध कवचांसारख्या छपरांचा नेमका आकार काय आणि ती उभी कशी करायची, हेच सुटलेलं नव्हतं. सरकारला घाई होती. पैसा आणि लोकमत फिरायच्या आत काम सुरू झालेलं दिसायला हवं होतं. सगळी छपरं एकाच मोठ्या गोलाचे तुकडे मानायची, ही युक्ती सापडली १९६१ च्या सुमारास. तोवर खालचे खांब उभे राहिले होते, आणि ती छपरं पेलण्याइतके ते भक्कम नव्हते. तोडून पुन्हा बांधावे लागले.

आपण 'आधी कळस मग पाया' हे हिणवायला म्हणतो. बांधायच्या क्रमाबद्दल ते बरोबर आहे. पण कळसाचं वजन किती असू शकेल याचा निदान कमाल आकडा हातात नसताना पाया ओतायला घेणं, ही सिडनीची खरी चूक. छपराचा संपूर्ण आराखडा १९५९ मध्ये लागत नव्हता. 'छप्पर याहून जड होणार नाही' असं एक वाक्य लागत होतं, किंवा ते म्हणता येत नसेल तर खांबांपुरतं थांबायची तयारी.

याच्या अगदी उलट वागणं बघायचं तर अपोलो. २५ मे १९६१ रोजी केनेडींनी दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस उतरवून सुखरूप परत आणायचं ध्येय अमेरिकी काँग्रेससमोर ठेवलं, तेव्हा जायचं कसं हेच ठरलेलं नव्हतं. अख्खं यान थेट चंद्रावर उतरवायचं, की पृथ्वीच्या कक्षेत तुकडे जोडून निघायचं, की मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून एक छोटं यान खाली सोडायचं? तिसरी वाट धरल्याचं जाहीर झालं जुलै १९६२ मध्ये. मधलं वर्षभर लोक हातावर हात ठेवून बसले नव्हते. ऑगस्ट १९६१ मध्येच दिशादर्शन यंत्रणेचं काम एमआयटीच्या प्रयोगशाळेला देऊन टाकलं होतं, कारण कोणत्याही वाटेने गेलं तरी ती लागणारच होती.

मुख्य यानाच्या इंजिनाचं प्रकरण मला फार आवडतं. त्याची ताकद ठरवली तेव्हा ते यानच चंद्रावरून वर उचलावं लागेल असा हिशेब होता. मग वाट वेगळी ठरली, मुख्य यान चंद्रावर उतरणारच नव्हतं, आणि इंजिन गरजेच्या जवळपास दुप्पट ताकदीचं राहिलं. हिशेबनीस याला उधळपट्टी म्हणेल. मी म्हणते, ही अनिश्चिततेची उघड मोजलेली किंमत आहे. वाट ठरेपर्यंत इंजिन अडवून ठेवलं असतं तर वेळ गेला असता. सोयीची वाट गृहीत धरून लहान इंजिन केलं असतं आणि निर्णय उलटा लागला असता तर सगळंच पुन्हा करावं लागलं असतं. त्यांनी जास्तीचं वजन पत्करलं. तुमच्या कामात हे नेहमी परवडेलच असं नाही. पण पत्करतोय की नाही हे बोलून ठरवायला तर पैसे पडत नाहीत.

म्हणून पुढच्या टप्प्यातल्या कामांकडे बघताना मी आधी एवढंच विचारते: हे कोणत्याही वाटेने गेलो तरी लागणार आहे का? असेल तर आजच सुरू करा, उगाच अडवू नका. हे केलं की बाकीच्या वाटा बंद होतात का? होत असतील तर ते शक्य तितकं मागे ढकला, पण कुठपर्यंत ढकलता येईल ती शेवटची तारीख लिहून ठेवा. ज्या वस्तू मागवल्यावर महिनोन्महिने येत नाहीत त्या या दुसऱ्या प्रकारात हमखास फसवतात. काम वर्षअखेरचं दिसतं आणि ऑर्डर उन्हाळ्यातच द्यायची असते. ऐनवेळी आठवलं की मग तहान लागल्यावर विहीर खोदणं आलंच.

आणि जे खरोखर अजून ठरवता येत नाही, तिथे कालावधी लिहू नका, निर्णय लिहा. उदाहरण देते. जुन्या सिस्टिममधल्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या आहेत. नेहमीच्या तक्त्यात ओळ असते: 'डेटा स्थलांतर – ४ आठवडे'. तिच्या जागी मला असं काही दिसायला हवं: '३० जूनला ठरवायचं की सगळ्या जुन्या नोंदी न्यायच्या की फक्त चालू खाती. त्यासाठी नमुन्याच्या हजारभर नोंदी काढून त्यांत किती रिकाम्या, किती दुबार, किती चुकीच्या ते बघायचं. हे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. सगळ्या न्यायच्या ठरल्या तर ३ ते ५ महिने, फक्त चालू खाती असतील तर ५ ते ८ आठवडे. ठरवणार विभागप्रमुख. त्या दिवशी निर्णय झाला नाही तर फक्त चालू खाती नेली जातील.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. निर्णय न घेणं हाही एक निर्णय असतो, फक्त तो कोणाच्या नावावर नसतो. निर्णय टळला तर काय होईल हे आधीच लिहून ठेवलं की टाळणाऱ्याला टाळण्याची किंमत दिसते, आणि गंमत म्हणजे लोक अचानक वेळेवर हजर राहू लागतात. नमुन्याच्या हजार नोंदी काढायचं ते छोटंसं कामही बघा. तक्त्यात त्याला एरवी जागाच मिळत नाही, कारण त्यातून दाखवण्यासारखं काही तयार होत नाही. पण शंकू आवळणारं काम तेच आहे.

आराखडा पुन्हा आखणं म्हणजे हार, हीसुद्धा एक रुजलेली समजूत. अपोलो ८ मूळ क्रमाप्रमाणे पृथ्वीच्या कक्षेतच राहायचं होतं, चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या चाचणीसाठी. ऑगस्ट १९६८ मध्ये स्पष्ट झालं की ते यान वर्षाअखेरीपर्यंत तयार होत नाही. 'यान येईपर्यंत थांबा' हे सोपं उत्तर होतं. त्याऐवजी अपोलो यानाच्या कामाचे व्यवस्थापक जॉर्ज लो यांनी सुचवलं की तयार असलेलं मुख्य यान घेऊन सरळ चंद्राला फेरी मारू. पुढे कधीतरी तिथवरचा प्रवास आणि संपर्क तपासायचाच आहे. २१ डिसेंबरला ते निघाले. राहिलेली चाचणी अपोलो ९ ने मार्च १९६९ मध्ये केली. हे जमलं कारण प्रत्येक उड्डाणातून काय शिकायचंय हे वेगळं मांडलेलं होतं, म्हणून क्रम फिरवता आला. आपल्या तक्त्यात नुसती कामं असतात. त्यांतून काय कळणार आहे ते नसतं, म्हणून एक वीट सरकली की सगळी भिंत.

आता नेहमीचा आक्षेप: 'साहेबांना एकच आकडा हवा असतो, त्यांना हे पुराण कोण सांगणार?' खरं आहे, पैसे मंजूर करणाऱ्याला आकडा लागतो आणि तो मागणं त्याचं कामच आहे. पण सगळ्या प्रकल्पाचा एक आकडा मंजूर करायची सक्ती कुठे असते? पहिल्या टप्प्याची पक्की रक्कम, पुढच्यासाठी पल्ला (कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती), आणि पल्ल्यातून पक्की रक्कम कोणत्या दिवशी करू याची तारीख, एवढं दिलं तर बहुतेक समजूतदार माणसं ऐकतात. कंत्राटातही तेच. ज्याचं मोजमाप कोणालाच ठाऊक नाही अशा कामाची ठोक रक्कम मागितली, तर कंत्राटदार एकतर भीतीपोटी फुगवून सांगतो, नाहीतर काम मिळवायला कमी सांगतो आणि मग दर महिन्याला जादा कामाचं बिल धाडतो. पहिलं थोडं काम प्रत्यक्ष वेळ-खर्चावर करून घ्यायचं आणि चित्र दिसल्यावर उरलेल्याची रक्कम ठरवायची, हे दोघांनाही स्वस्त पडतं.

काही ठिकाणी एवढंही चालत नाही, एकच तारीख द्या नाहीतर उठा असा मामला असतो. तिथे मी पल्ल्याचं लांबचं टोक देते, आणि त्याच मेलमध्ये पहिल्या दोन निर्णयांच्या तारखा आणि ते निर्णय कोणाकडे आहेत त्यांची नावं. मेल वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांची नावं त्या यादीत असतातच.