‘गांधी’ चित्रपटात सेवाग्राम कुठे आहे?

2 ऑक्टोबर जवळ आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो : रिचर्ड अॅटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले, तीन तासांत त्यात संपूर्ण गांधी सामावले आहेत, आणि तो पाहून जो भारावला नाही त्याला गांधी कळलेच नाहीत. यातले पहिले विधान खरे आहे, उरलेली दोन मला मान्य नाहीत.

ऑस्करविषयी फार बोलायला नको. गांधींची भूमिका करणारे बेन किंग्जले त्या मानाला पात्रच होते, आणि वेशभूषेचा पुरस्कार विभागून मिळालेल्या भानू अथैया या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या, याचा मलाही अभिमान आहे. परंतु अभिनय आणि वेशभूषा उत्तम असल्या, तरी तेवढ्याने चरित्र उभे राहत नाही.

‘संपूर्ण गांधी’ हा दावा तर सेवाग्रामच्या पंचक्रोशीत राहून ऐकवत नाही. चित्रपट 1931 च्या गोलमेज परिषदेवरून जवळजवळ थेट महायुद्धाच्या काळात उतरतो. मधल्या वर्षांत 1932 चा गांधी-आंबेडकर पुणे करार झाला, 1933 मध्ये वर्ध्याहून अस्पृश्यता निवारणाची हरिजन यात्रा निघाली, 1936 मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले, आणि 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची पद्धत, पुढे आली. वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे ग्रामोद्योगाचे काम चालले होते, आश्रमात कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत होते. या कामांत ना गर्दी होती ना लाठीमार. कॅमेऱ्याला ती बहुधा निरस वाटली असावीत.

त्याहून मोठी उणीव अशी की या चित्रपटात डॉ. आंबेडकर हे पात्रच नाही. 1956 ची धम्मदीक्षा ज्या विदर्भात झाली, तिथल्या प्रेक्षकाने ही किरकोळ काटछाट मानावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. नाट्याच्या दृष्टीनेही हे नुकसानच आहे, कारण गांधीजींना नैतिक पातळीवर खोलवर अडचणीत आणणारा प्रतिपक्षच त्यामुळे कथेतून नाहीसा होतो, आणि उरतात ते इंग्रज अधिकारी आणि एकसुरी, थंडपणे रंगवलेले जीना.

यावर समर्थक आरंभीच्या निवेदनाकडे बोट दाखवतात. एका कथनात कोणाचेही आयुष्य मावत नाही, अशी कबुली तिथे आहे, आणि ती रास्तच आहे. मात्र निवड अटळ असली तरी ती निर्हेतुक नसते : याच चित्रपटात वॉकर या काल्पनिक अमेरिकी वार्ताहराला भरपूर जागा मिळाली आहे.

राहिला भारावण्याचा प्रश्न. पडद्यावरचे गांधी आफ्रिकेतल्या पहिल्या प्रसंगांनंतर फारसे बदलत नाहीत. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते आणि भोवतालची माणसे ते ऐकण्यापुरती येतात. शेगावात मलेरियाने अंथरुणाला खिळलेले, तरीही गावातले काम न सोडणारे गांधीजी मला त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक रोचक वाटतात. शाळांनी हा चित्रपट जरूर दाखवावा. मात्र त्यानंतर मुलांना सेवाग्राम आश्रमातल्या आदी निवासात, म्हणजे गांधीजींच्या तिथल्या पहिल्या घरात, नेऊन 1931 नंतरची ही वर्षेही शिक्षकांनी सांगावीत.