देवगडच्या वाचकांना उत्तर : चेकअपमध्ये निघालेली भलतीच गाठ

नमस्कार. तुमची तक्रार अशी की मेहुण्यांना काही म्हणजे काही त्रास नव्हता. मुंबईच्या मुलाने हौसेने चेकअप करवला, कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) गुदाशयात सात मिलिमीटरची न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघाली आणि घराची झोप उडाली. वर माझ्यासारखे दुर्मिळ कॅन्सरवर लिहून भर घालतात!

निम्मं मला मान्य आहे. दुर्मिळ गाठींसाठी कोलोनोस्कोपी कोणी करत नाही. ती पॉलिप (अस्तरावरचे कोंब) आणि नेहमीच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमासाठी, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींच्या कॅन्सरसाठी. मोठ्या आतड्याचे नव्वद टक्क्यांहून जास्त कॅन्सर त्याच जातीचे. न्यूरोएंडोक्राइन, लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर), जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतली गाठ) हे रापणीत बांगड्याबरोबर भलतंच काही यावं तसे येतात. अमेरिकेने २०२१ साली तपासणीचं वय पन्नासवरून ४५ वर आणलं, म्हणून देवगडातल्या प्रत्येकाने कोल्हापूर गाठावं असं मी कुठे लिहिलंय? आपल्या सरकारी कॅन्सर-तपासणी कार्यक्रमातही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे.

पण 'केलंच नसतं तर काय बिघडलं असतं?' याचं उत्तर नुसती गाठ बघून कोणालाच देता येत नाही. अशा गाठी बहुधा सावकाश वाढतात. एक सेंटिमीटरच्या आत असेल, खोल गेली नसेल आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगणारा आकडा) तीन टक्क्यांखाली असेल, तर दुर्बिणीतूनच काढतात. केमो लागत नाही. मात्र ती अस्तराखाली असते, साध्या पॉलिपसारखी कापली तर कडेला थोडी राहू शकते. म्हणून रिपोर्टात 'मार्जिन'पुढे (कापलेल्या कडेपुढे) काय लिहिलंय ते आधी वाचा. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ मध्ये आपला न्यूरोएंडोक्राइन आजार जाहीर केला तेव्हापासून हे नाव ऐकलं की माणसं गर्भगळीत होतात. नाव एक, पण त्यात सौम्यही येतात आणि जहालही.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र अजिबात पटलं नाही : 'रक्त पडलं तर मूळव्याध, घरचं औषध पुरे.' अहो, रक्त पडल्यावर करतात ते स्क्रीनिंग (त्रास नसताना केलेली तपासणी) नव्हेच, ते निदान! आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) प्रकार दिसतो. तो भिंतीतून पसरत जातो आणि बहुतेकदा उशिराच कळतो. मूळव्याध समजून महिने घालवायला तिथे सवड नसते.

मेहुणे परळला टाटा हॉस्पिटलात दाखवणार असतील तर नुसती फाइल नेऊ नका. लॅबमधून स्लाइड (काचेवरचा नमुना) आणि गाठीचा तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तिथे ते पुन्हा तपासतात. ब्लॉक राहिला तर त्यासाठी एक हेलपाटा वाढतो.