पिंपलची गोळी आणि डॉक्टरची चिठ्ठी

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका मेडिकलवाल्याने भाचीला ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला. ताई भडकली, "पिंपलच्या गोळीला कसली आलीय चिठ्ठी?" भावजी म्हणतात, नियम तो नियम. आणि मी इंग्लंडात राहते म्हणून दोघंही मला विचारतात, तुमच्याकडे कसं असतं गं?

मला विचाराल तर त्या मेडिकलवाल्याने अगदी योग्य केलं. पिंपलशी ज्याचं नाव जोडलंय तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल नुसतंच महिनोन्‌महिने चोपडलं की साधे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे मागे उरून वाढतात. असे जिवाणू 1979 सालीच नोंदले गेलेत. ते एकाच्याच चेहऱ्यावर थांबत नाहीत, घरातल्या इतरांच्या त्वचेवरही सापडतात. गोळीची गोष्ट तर आणखी गंभीर. ती पोटातून सगळ्या अंगात जाते, तिथले जिवाणूही तिला सरावतात. आपल्याकडे टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिन फारसं चालेनासं झालंय, तोंडाने घ्यायच्या ज्या थोड्या गोळ्या उरल्यात त्यात हीच ॲझिथ्रोमायसिन आहे. ती पुटकुळ्यांवर उधळायची?

पण ताईचा रागही मला कळतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे फी, रांग आणि अर्ध्या दिवसाचा खाडा. पूर्व भागात कारखान्यावर जाणाऱ्या बाईला ते कसं परवडणार? तिचा पहिला डॉक्टर मेडिकलवालाच. इंग्लंडातही सगळं सुरळीत नाही, त्वचेच्या तज्ज्ञाकडे नंबर लागायला महिने जातात. फरक आहे तो काउंटरवर. इथला फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक जेल देत नाही, पण रिकाम्या हातानेही पाठवत नाही. दोन प्रश्न विचारतो आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडची ट्यूब देतो. ते ऑक्सिजनच्या जोरावर जिवाणू मारतं, त्यामुळे त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होत नाहीत. डॉक्टरांनाही उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेची 2021 ची सूचना आहे: अँटिबायोटिक एकटं द्यायचं नाही, लावायचं नाही की गिळायचं नाही, आणि बारा आठवड्यांनी पेशंट पुन्हा तपासायचा.

भाचीला मी तेच बेन्झॉइल पेरॉक्साइड सुचवलं. कमी टक्क्याचं घे, एक दिवसाआड रात्री लाव, सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, घाबरू नकोस. आणि घरातले ते रंगीत सोलापुरी टॉवेल त्यापासून लांब ठेव, रंग उडून पांढरे डाग पडतात. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही किंवा खड्डे पडायला लागले तर मात्र डॉक्टरकडे जायचंच. मैत्रिणी सांगतात ती गोरं करणारी स्टेरॉइडची क्रीम चुकूनही नको, तिनेच पिंपल उठतात.

भावजींना माझं म्हणणं एवढंच की नुसत्या बंदीने भागणार नाही. अँटिबायोटिक कपाटात बंद करा, पण त्या जागी काउंटरवर काहीतरी ठेवा. केंद्र सरकारने 2022 मध्ये चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा 16 औषधांचा मसुदा काढला होता, त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड होतं. सोलापूरच्या केमिस्ट मंडळींनी तोच धागा धरावा. नकार देणाऱ्या त्या मेडिकलवाल्याकडे त्या दिवशी ही ट्यूब असती आणि ती कशी लावायची हे त्याने सांगितलं असतं, तर ताईला भांडायला कारणच उरलं नसतं.