वर्णन वाचायचं नसेल तर बोली लावू नका

वापरलेला कॅमेरा किंवा लेन्स ऑनलाइन लिलावात विकायला काढली, तर बारा फोटो टाकलेले असतात. पुढची काच, मागची काच, माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जिथे अडकते त्या कड्याच्या) कडा, उजेड कमी-जास्त करणारी अपर्चरची पाती, सिरियल नंबर, फ्लॅश बसवायच्या खाचेवरचा, म्हणजे हॉट शूवरचा, ओरखडासुद्धा. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, दुसऱ्याच ओळीत. तरी लिलाव संपायला तास उरला की विचारणा येते, ‘शटर काउंट किती?’ आणि पाठोपाठ, ‘फायनल किती?’ अरे, फायनल किती ते ठरवायलाच तर लिलाव लावलाय!

एवढं चालवून घेता येतं. डोकं फिरतं ते वस्तू पोचल्यावर. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारायचा, चमकणाऱ्या ठिपक्यांचा फोटो काढायचा आणि ‘फंगस (काचेवरची बुरशी) आहे, पैसे परत द्या’ म्हणून तक्रार ठोकायची. ती धूळ असते, धूळ! लांब-आखूड होणारा झूम दरवेळी हवा आत ओढतो. काही वर्षं वापरलेल्या अशा झूममध्ये टॉर्च मारल्यावर ठिपके दिसणारच. फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, केसाहून बारीक फांद्या फुटत जातात. हेझ म्हणजे काचेवर दुधाळ थर, उजेडाकडे रोखून काढलेला फोटो त्याने फिका पडतो. सुट्या ठिपक्यांनी फोटोला काहीही होत नाही. फोटोत काळे डाग येत असतील तर एफ १६ वर (अपर्चर बारीक करून), फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. लेन्स बदलूनही डाग त्याच जागी आले तर ते सेन्सरवर आहेत. पाच मिनिटांचं काम, पण करायचं कोणी?

आणि साइटवाले? घेणाऱ्याने ‘वर्णनाशी जुळत नाही’ एवढा पर्याय निवडला की बऱ्याच ठिकाणी परतीचं कुरिअरसुद्धा विक्रेत्याच्या माथी. ‘आत किंचित धूळ आहे, फोटो पाचवा बघा’ असं लिहिलेलं असतं, तो पाचवा फोटो निकाल देणारा उघडतच नाही. मग प्रामाणिकपणे लिहायचं कशाला? ‘तपासलेलं नाही, आहे तसं’ म्हणून बिघडलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) खपवणारे बरे सुटतात.

परत येणारं पार्सल तर बघवत नाही. जाताना लेन्स बॉडीपासून वेगळी, दोन्ही टोकांना टोप्या, सिलिका जेल, बबल रॅप, खोक्यात खोकं आणि मध्ये सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण. येताना दीड किलोची ७०-२०० मिमीची झूम लेन्स बॉडीलाच अडकवलेली, वर बबल रॅपचा एक वेढा. ते खोकं एकदा आपटलं की सगळा हिसका माउंटच्या बारीक स्क्रूंवर. माउंट केसभर जरी वाकलं तरी फोटोची एक बाजू धूसर येते आणि तेवढ्यासाठी दुरुस्तीचा खर्च.

काही महाभाग तर स्वतःची बिघडलेली बॉडी त्याच खोक्यात घालून पाठवतात. म्हणून पॅकिंगचा व्हिडिओ न थांबवता काढा: सिरियल नंबर, चालू स्क्रीन, मग खोकं, चिकटपट्टी, कुरिअरचं लेबल, सगळं एकाच सलग शॉटमध्ये. बॅटरीच्या कप्प्यात यूव्ही पेनाने (याची शाई अतिनील उजेडातच दिसते) एक खूण करा. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच फोडा आणि ती खूण दिसल्याशिवाय पैसे सोडू नका.