उचल ज्याची, माल त्याच्याच गाळ्यावर

हापूसच्या बागायतदाराचं नुकसान दलाली किती टक्के कापली यावरून मोजायची आपल्याकडे सवय आहे. आठ कापली की दहा, यावर तासन् तास वाद होतात. माझ्या मते खरा खड्डा टक्क्यांत नाहीच. जो दलाल ऑगस्टमध्ये उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे देतो, तोच एप्रिलमध्ये बाजारातल्या त्याच्या गाळ्यावर आपला माल विकतो, तोच दर सांगतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेबही तोच लिहितो. सावकार आणि विक्रेता एकच झाला की आपली पेटी आपली राहत नाही.

दलालाला नुसत्या शिव्या घालण्यात मात्र अर्थ नाही. बागेचा खर्च कधी येतो ते बघा. कल्टार, म्हणजे मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान घालायचं. झाडाच्या विस्ताराचा व्यास जितके मीटर, तितके गुणिले ३ मिली. दहा मीटरच्या कलमाला ३० मिली, म्हणजे दोनशे कलमांना सहा लिटर. मग मोहोर येताच तुडतुडे, थ्रिप्स, भुरी, करपा यांच्यासाठी एकामागून एक फवारण्या. राखणीला नेपाळी गडी. त्यानंतर रिकामी खोकी, पेंढा, तोडणीची मजुरी. एक रुपया हातात यायच्या आधी हे सगळं खर्चून झालेलं असतं. बँकेत चार खेपा घालूनही जे होत नाही, ते गाळ्यावरच्या एका फोनने होतं. शिवाय किरकोळवाल्यांना माल उधारीवर देऊन ती वसूल करायची जोखीमही दलालच घेतो. या कामाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

पण 'बिनव्याजी' उचल खरंच बिनव्याजी असते का, हे एकदा कागदावर मांडा. समजा, २ लाख उचल घेतली आणि हंगामात ४०० पेट्या त्या गाळ्यावर उतरवल्या. उचल न घेतलेल्याच्या मालापेक्षा आपल्या मालाला पेटीमागे फक्त १०० रुपये कमी लागले, तरी ४० हजार गेले. ऑगस्टचे पैसे मेअखेर फिटले असं धरलं तर नऊ महिन्यांचे २० टक्के, वर्षाचे जवळपास २७. एप्रिलपासूनच कापायला सुरुवात झाली असेल तर आणखी जास्त. हेच २ लाख ७ टक्क्यांच्या पीककर्जाने घेतले असते, तर नऊ महिन्यांचं व्याज साडेदहा हजार. वेळेत फेडलं तर केंद्राच्या आणि राज्याच्या सवलती धरून ३ लाखांपर्यंत तेही शून्यावर येतं.

आणि हे १०० रुपये कमी लागले हे आपल्याला कळणार कसं? कळत नाही, हेच तर दुखणं आहे. रुमालाखाली बोटं दाबून झालेला सौदा शेजारी उभ्या असलेल्यालाही समजत नाही, मग रत्नागिरीत किंवा देवगडात बसलेल्याला काय समजणार? कायद्याला उघड लिलाव अभिप्रेत आहे, तरी बोटांची सवय सुटलेली नाही. पट्टी आठवड्याने, कधी महिन्याने येते. तोवर त्या दिवशी बाजार काय होता याचा पुरावा उरत नाही.

म्हणून पट्टी वाचायला शिका. तारीख, मार्का (पेटीवरची बागेची खूण), किती डझनी पेटी, नग, दर हे सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. पाच डझनी आणि सात डझनी एकाच सरासरी दरात बसवलेली पट्टी परत पाठवा, कारण मोठ्या फळाचे पैसे तिथेच मुरतात. भाडं, हमाली, वाराई (गाडीतला माल चढ-उतार करण्याची मजुरी) स्वतंत्र दाखवलेली हवी. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, तेव्हाच अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तरीही ती तुमच्या बाजूला कापलेली दिसली तर कशासाठी म्हणून विचारा. 'डागी' किंवा 'साका' (आतून गर बिघडलेलं फळ) म्हणून दर पाडला असेल तर किती नग, ते लिहून मागा.

त्यासाठी आपली बाजूही पक्की हवी. फळ चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार असतानाच, देठासकट उतरवलं नाही तर चिकाचे डाग पडणारच, आणि ऊन चढल्यावर तापल्या जमिनीवर ढीग लावला तर फळ बिघडणारच. त्याचा दोष गाळ्यावर ढकलता येणार नाही. भरताना प्रत्येक पेटीचे नग वहीत, थरांचा फोटो मोबाइलमध्ये, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) जपून ठेवलेली. एवढं असेल तरच भांडण टिकतं.

सगळ्यात जास्त कोंडी होते ती एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. सगळ्या बागा एकदम तयार होतात, आवक चढते, दर घसरतो. मोकळा बागायतदार अशा वेळी बारीक फळ किलोवर कॅनिंगला (रस काढणाऱ्या कारखान्याला) देतो, चांगलं फळ एक-दोन डझनांच्या बॉक्समध्ये भरून पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवतो. उचल घेतलेल्याला ही मोकळीक नसते. वसुली पेट्यांवर चालते, त्यामुळे 'माल पाठवत राहा' एवढाच निरोप येतो.

यावर उपाय काय? बँकेकडे जा, असं सांगणं सोपं आहे. पण कोकणात सातबारावर आजोबांपासूनची सामाईक नावं असतात, निम्मे वारस मुंबईत, आणि बँक सगळ्यांच्या सह्या मागते. बहुतेक घरं उचलीकडे वळतात ती याच कारणाने. सगळ्यांची सहमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप करून घेता येतं. गणपतीला सगळे घरी जमतात, तेव्हाच हा विषय काढा. खंडाने बाग घेणाऱ्यांनी करार लेखी करावा, तोंडी खंडावर कर्ज उभं राहत नाही.

तरीही उचल घ्यावीच लागली तर पैसे हातात पडायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या. पेटीमागे किती रुपये कापायचे, म्हणजे पहिल्या गाड्यांची सगळी रक्कम वळती होणार नाही. पट्टी किती दिवसांत. एकूण किती पेट्यांची बांधिलकी, बाकीचा माल मोकळा. आणि पाचातली एक पेटी दुसऱ्या गाळ्यावर पाठवायची मुभा. तोच मार्का, तीच साइज, तोच दिवस. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो. या शेवटच्या अटीला जो दलाल सरळ हो म्हणतो, त्याच्याशी व्यवहार करायला माझी हरकत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की खातेउतारा मागा, बाकी शून्य झाल्याचं सहीनिशी लिहून घ्या आणि तारण म्हणून दिलेले कोरे चेक त्याच दिवशी परत आणा. ऑगस्टमध्ये नवीन उचलीचं बोलणं निघालं तर ते कोऱ्या पानावर निघू दे, मागची बाकी पुढे ओढून नको.