सोलापूरच्या धुराचा आकडा सोलापूरकरांना दिसू दे

‘तुमच्या अमेरिकेनंच कारखान्यांच्या धुराची मोजणी गुंडाळायला काढली, मग आम्ही कशाला हिशेब लिहीत बसायचं?’ हा प्रश्न सध्या सोलापूरहून मला सारखा येतो. विचारणाऱ्यांत माझा मामेभाऊही आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना आहे, आणि परदेशी गिऱ्हाइकं हल्ली ऑर्डरसोबत कोळशाचा आणि विजेचा हिशेब मागतात.

त्याचं म्हणणं खोटं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, सप्टेंबर २०२५मध्ये तसा प्रस्ताव मांडला. तेल आणि वायू उद्योगाचा काही भाग सोडला, तर बाकी कारखान्यांवरची हरितगृह वायूंची, म्हणजे उष्णता अडवून हवा तापवणाऱ्या वायूंची, सक्तीची नोंद काढून टाकायची, असा तो प्रस्ताव. कारण दिलं उद्योगांवरच्या खर्चाचं. मी ओहायोत एका कारखान्यात हीच नोंद ठेवण्याचं काम करते, त्यामुळे या प्रस्तावाचं मला मनापासून वाईट वाटलं.

ही पद्धत २०१०च्या आकड्यांपासून सुरू झाली. ज्या कारखान्यातून वर्षाला २५,००० टन किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता अडवणारे इतर वायू बाहेर पडतात, त्यानं पुढच्या ३१ मार्चपर्यंत हिशेब द्यायचा. यात धुरांड्यावर चढून काही मोजायचं असतं, असा घरच्यांचा समज आहे. बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. किती इंधन जळलं, त्याची उष्णता किती आणि त्या उष्णतेमागे वायू किती, असा गुणाकार असतो. गॅसचं मीटर वेळेवर तपासलेलं हवं, पावत्या जपून ठेवलेल्या हव्यात, आणि हिशेब खरा असल्याची सही एका जबाबदार माणसानं करायची. खोटं लिहिलं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. खर्च होतो, पण कारखाना बुडेल असा नाही.

या पद्धतीचा खरा जीव पुढच्या गोष्टीत आहे. हे आकडे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. नकाशावर आपली काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, निवडायची, की कारखान्याच्या नावासमोर टनांचा आकडा येतो. शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेला तो दिसतो, कामगार संघटनेला दिसतो, आणि कंपनीच्या वरिष्ठांनाही दिसतो. शेजारचा कारखाना तेवढाच माल कमी इंधनात काढतोय हे एकदा दिसलं, की आमच्या बैठकीत बॉयलरचा विषय निघतोच.

आता सोलापूर. टॉवेलच्या एखाद्या प्रोसेस हाऊसचा, म्हणजे धुलाई-रंगाईच्या कारखान्याचा, बॉयलर दिवसाला ५ टन कोळसा खातो असं धरा. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,५०० टन कोळसा, म्हणजे कोळशाच्या प्रतीनुसार अडीच हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेतल्या २५,००० टनांच्या मर्यादेच्या एक दशांश. उलट एनटीपीसीचं सोलापूरचं १,३२० मेगावॉटचं केंद्र पूर्ण भारानं चाललं, तर ती मर्यादा साधारण एका दिवसात ओलांडेल. म्हणून टॉवेलवाल्यावर सक्ती नको, असं मी ठामपणे म्हणते. मोठ्यांवर मात्र हवी.

मोठ्यांचा हिशेब भारतात कुणी करत नाही, असंही नाही. वीज केंद्रांचे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं आणि प्रसिद्धही करतं. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १,००० कंपन्यांना बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार असा अहवाल द्यावा लागतो, पण तो अख्ख्या कंपनीचा. होटगीच्या सिमेंट कारखान्याचा वेगळा आकडा त्यातून हाती लागत नाही. सहकारी साखर कारखाने तर शेअर बाजारात नाहीतच. ठरवून दिलेल्या लक्ष्यापेक्षा कमी वायू सोडणाऱ्याला विकता येणारं क्रेडिट देणाऱ्या २०२३च्या कार्बन क्रेडिट योजनेत सिमेंट आणि वस्त्रोद्योग आहेत, साखर नाही. आणि दर ३० सप्टेंबरला प्रदूषण मंडळाकडे जाणाऱ्या पर्यावरण विवरणपत्रात हरितगृह वायूंचा स्वतंत्र रकानाच नाही.

साखरेचा हिशेब नीट केला तर तो कारखान्यांच्या फायद्याचाच निघेल. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून निघणारा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून अमेरिकेच्या नियमांत तो वेगळा लिहितात आणि मर्यादेत धरत नाहीत. पण डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमधून, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यातून, निघणारा मिथेन पकडला नाही, तर तो १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट भारी धरला जातो. जो कारखाना तो वायू पकडून बॉयलरला वापरतो आणि जो उघड्यावर सोडतो, ते दोघं आज कागदावर सारखेच दिसतात. हा चांगलं काम करणाऱ्यावर सरळ अन्याय आहे.

सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेसाठी जून २०२३मध्ये पाडली. तिच्या उंचीवर आख्खं शहर वर्षानुवर्षं भांडलं. वर्षाला तिच्यातून किती टन वायू बाहेर पडतो, हा प्रश्न त्या भांडणात माझ्या कानावर कधी आला नाही.

‘आधी त्यांनी धूर केला, आता आम्हाला शिकवतात,’ हा राग मला समजतो आणि पटतोही. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४च्या घरात. पण हा युक्तिवादसुद्धा कुणीतरी मोजलं म्हणूनच करता येतो. युरोपनं सिमेंट, पोलाद, अ‍ॅल्युमिनियमवर सीमेवरचा कार्बन कर आणलाय. तिथे स्वतःचा तपासलेला आकडा नसेल तर ठरावीक आकडा धरून कर लागतो, आणि तो बहुधा आपल्या तोट्याचाच असतो. टॉवेल त्यात नाहीत. तरी गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केलीच आहे, म्हणून मामेभावाला मी एवढंच सांगितलं: वजनकाट्याच्या पावत्या आणि महावितरणची बिलं एका फाइलला लावत जा.

बाकी सोलापूरकरांनी हा आग्रह धरायला वॉशिंग्टनकडे बघायची गरज नाही. डिस्टिलरी किंवा सिमेंटच्या विस्तारासाठी जनसुनावणी लागते तेव्हा ती जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली होते, आणि तिथे मांडलेले मुद्दे इतिवृत्तात नोंदवावे लागतात. पुढच्या सुनावणीत कुणीतरी उठून विचारा: इंधन कोणतं, वर्षाला किती टन, मिथेनचं काय करणार, आणि दरवर्षीचा आकडा आम्हाला कुठे बघायला मिळेल?